गल्लीने नळ बंद ठेवले ती सकाळ

तुम्ही गेलात त्या दुपारी मी घरातलं पाणी सांडू दिलं नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण आपला तो वाद अर्धाच राहिला होता.

घरात कुणी गेलं की भरलेलं पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं, ही आपल्याकडची रीत. प्रत्येक मयतीहून परत आलात की तुम्ही अंगणातच सुरू व्हायचात. "ज्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी येते, तिथं हौद रिकामा करून ताजं पानी आणावं कुठून? माझ्या वेळेस कोणी घागर उपडी केली तर मी उठून बसीन." मी म्हणायचे, अहो, त्या वेळी माणसांच्या हातांना काहीतरी काम लागतं, म्हणून ती रीत आहे. यावर तुम्ही काहीतरी उत्तर देणार असायचात, आणि तेवढ्यात कुणीतरी दार वाजवायचं.

शेजारच्या प्रमिलावहिनी पदर खोचून हौदाकडे निघाल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"बाई, सुतकाचं पानी हाय ते. ठेवत नाहीत."

"त्यांनी सांगून ठेवलंय, वहिनी. सांडलं तर उठून बसेन म्हणाले होते."

वहिनींनी वळून तुमच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग सांडू द्या ना बाई. बसले उठून तर बरंच हाय." आणि तिथेच हौदाच्या कठड्याला टेकून रडू लागल्या.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. फक्त प्यायचा माठ उचलला आणि फाटकाबाहेरच्या तुमच्या लिंबोणीला ओतला. हौद भरलेलाच राहिला.

हे मी नातवंडांसाठी मराठीत लिहिते आहे, याचं तुम्हाला नवल वाटेल. ईशान आणि मीरा तिकडे कॅनडात मराठी बोलतात, वाचताना अडखळतात. मला इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं. आयुष्यभर शाळेत तेच शिकवलं. दोन परिच्छेद लिहूनही पाहिले. त्यात तुम्ही एखाद्या सभ्य, निवृत्त गृहस्थासारखे दिसायला लागलात. तुमचं "काऊन बे" मला इंग्रजीत नेता येईना. कागद फाडला आणि पुन्हा बसले. अनघा लेकरांना वाचून दाखवील.

फोनवर मीराने विचारलं होतं, आजी, आजोबा रिटायर झाल्यावर काय करायचे? नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी होती हे तिला माहीत आहे. त्यानंतरचं सांगताना माझीच गाडी अडली. पुण्या-बंगळूरची हुशार मुलं पाण्यासाठी नवीन यंत्रं बनवतात. ती यंत्रं गावोगावच्या नगरपरिषदांपर्यंत पोचत नाहीत, कारण मुलांना नगरपरिषद कळत नाही आणि नगरपरिषदेला मुलं कळत नाहीत. मधे आजोबा उभे राहायचे. मी एवढंच सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे दुभाषे? मी म्हटलं, हो, तसंच काहीसं.

पण तुमची खरी पद्धत तिला सांगायची राहिली. कुणीही पेटी घेऊन दारात आलं की तुम्ही आधी ती पेटी बंद करायला लावायचात.

"यंत्र मग दाखवजा. पहिले एक पाळी राहा."

एक पाळी, म्हणजे नळ एकदा आल्यापासून पुन्हा येईपर्यंत. तेवढे दिवस त्यांनी आपल्या घरी राहायचं, आपल्याच हौदातलं पाणी वापरायचं, आणि तोवर यंत्राचं नाव काढायचं नाही. जेवणाखाण्याचा भार माझ्यावर पडायचा आणि मी कुरकुरायचे, हेही मुलांना कळू दे. पण पुढे मला त्यात गंमत वाटू लागली. पहिल्या दिवशी शॉवर कुठे आहे विचारणारा मुलगा चौथ्या दिवशी भाजी धुतलेलं पाणी न सांगता बाजूला ठेवायचा. पाळी संपली की यातला एखादा गुपचूप पेटी उचलून परत जायचा आणि वर्षाने वेगळं यंत्र घेऊन यायचा. तुम्ही त्यालाच पास झाला म्हणायचात.

सायली अशीच आली, पुण्याहून. तिचं यंत्र पाइपाला कान लावायचं. लोखंडी पाइपावर डबीएवढं काहीतरी चिकटवायचं. पाइप कुठे गळत असेल तर त्या गळतीचा आवाज ते टिपतं आणि जागा सांगतं. रस्ता न खोदता. आपल्या गल्लीला ते वरदानच होतं. कितीतरी वर्षं पाळीच्या पहिल्या पाण्याला नालीचा वास यायचा, कधी या घरी, कधी त्या घरी. नळ बंद असताना रिकाम्या पाइपात नालीचं पाणी कुठूनतरी शिरतं, हे तुम्ही ओळखलं होतं. कुठून, ते कळत नव्हतं. नगरपरिषदेने चौकात खोदलं, गल्लीच्या टोकाला खोदलं, दोन्हीकडे पाइप धडधाकट निघाला. तोवर प्रमिलावहिनींच्या नातीला दुसऱ्यांदा कावीळ झाली. दवाखान्यातून आल्यावर तिचे पिवळे डोळे पाहून तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत.

सायलीने तिची पाळी नीट काढली. मग पाणी आलं त्या सकाळी डब्या चिकटवल्या, आणि तिच्या लॅपटॉपवर आपली सगळी गल्ली लाल झाली. ती आनंदाने उठून उभी राहिली. "काका, प्रत्येक घरापाशी गळती आहे."

व्हॉल्व्ह उघडणारा सुभाष तिच्या खांद्यावरून पाहत होता. तो म्हणाला, "ताई, ते गळती नाई, ते लोक आहेत."

खरंच होतं. आपल्या गल्लीत कुणाच्या नळाला तोटीच नव्हती. आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी बंद कशाला करायचं? उघडा पाइप थेट हौदात सोडलेला, पाणी येईल तेवढं येऊ द्यायचं. यंत्र बनवणाऱ्यांनी अशी गल्ली पाहिली नव्हती. त्यांच्याकडे पाइप सदा भरलेला आणि नळ बंद, म्हणून जे वाजतं ती गळती. इथे सगळंच एकदम वाजत होतं. सायली एक पाळी आपल्या घरी राहिली खरी, पण आपल्या हौदाचा नळ तुमच्या हातचा, गल्लीतला एकमेव तोटीवाला. तेवढं तिच्या नजरेतून सुटलं. तुमच्याही.

नगरपरिषदेचे मुख्याधिकारी साहेब चांगले माणूस, पण त्यांच्यामागे नगरसेवकांचं सभागृह. ते म्हणाले, येत्या पाळीला अजून एकदा करून पाहा. नाही जमलं तर विषय संपला; उन्हाळा तोंडावर आहे, मला टँकरचं बघायचंय. सायलीच्या कंपनीतल्या लोकांनाही दुसरं गाव खुणावत होतं. म्हणजे ही एकच पाळी हाती होती.

त्या संध्याकाळी मी शेंगा फोडत होते आणि तुम्ही लिंबोणीला पाणी घालून आत आलात. भाजी-तांदूळ धुतल्याचं तपेलंभर पाणी तुम्ही रोज तिला घालायचात. भर मे महिन्यात सगळ्या गल्लीची झाडं माना टाकायची आणि ती रस्त्यावर, नालीच्या कडेला, हिरवीगार उभी असायची. धाड गावच्या बाजारातून निंबू आणणाऱ्यांना तुम्ही अडवून फुकट निंबू द्यायचात आणि वर भाषण द्यायचात. तपेलंभर पाण्यात काय होते पाहा. मी म्हणायचे, अहो, एवढं मोठं झाड एका तपेल्यावर जगत नसतं, त्याची मुळं कुठेतरी ओल शोधत गेली असतील. तुम्हाला ते आवडायचं नाही.

"बाई," तुम्ही म्हणालात. सगळं गाव मला बाई म्हणतं म्हणून तुम्हीही तेच म्हणायचात. "पानी आलं का पहिला अर्धा-एक घंटा सगळ्या गल्लीनं नळ बंद ठेवाचे. बस. यंत्राले ऐकू येते."

"आठ दिवसांनी आलेलं पाणी कोण बंद ठेवील?"

"इचारून तर पाहू."

"विचारायचं कशाला? मुख्याधिकाऱ्यांकडून नोटीस काढून घ्या. वेळ, तारीख, नियम, खाली सही."

"नोटीस वाचून कोणी नळ बंद केला काय आजलोक? घरोघरी जाऊन बसा लागते. चहा प्या लागते. मग बोला लागते."

मग मी माझा मुद्दा काढला, आणि तो मी अजूनही सोडलेला नाही. यंत्र लोकांसाठी असतं. ज्या गावात नळाला तोटी नाही त्या गावात चालेल असं यंत्र त्यांनी बनवावं. शोध त्यांनी लावायचा आणि तहान आम्ही धरून ठेवायची, हा कुठला न्याय? सायली पोळी लाटत होती, तिने लाटणं थांबवलं.

तुम्ही शेंगा तोंडात टाकत म्हणालात, "बरोबर हाय तुमचं. पण मले सांगा, पोरगी इतक्या दूर सरकली, आपण हातभर नाई सरकाचं? दोघंही थोडे सरकले का काम होते. लग्नात नाई झालं काय आपलं?"

सायली हसली. मीही हसले, आणि उत्तर उद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून एक पोतडी आणलीत. घरोघरी बसायला परवापासून जातो म्हणालात. त्याच्या आदल्याच सकाळी, चहाचा कप अर्धा असताना, छातीवर हात ठेवून तुम्ही मला हाक मारलीत. यापलीकडचं मी लिहीत नाही. मुलांना ते त्यांच्या आईने सांगितलं आहे.

अनघा आली. घर भरलं. आणि तिसऱ्या दिवशी सायली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, मी साहेबांना नाही म्हणून कळवते. आता कसं जमणार?"

तिचं बरोबर होतं. पाळी तेराव्याच्या आत येत होती. सुतकात मी कुणाच्या घरी जाऊ शकत नव्हते, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे काम घरोघरी बसल्याशिवाय होणार नव्हतं. मी तिला हो म्हणणार होते. तेवढ्यात गल्लीतल्या बायका बसायला आल्या आणि नेहमीसारख्या भिंतीकडेने सतरंजीवर बसल्या. त्यांच्या मागून पुरुष आले. मी त्या माणसांकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की मला कुठे जायची गरजच नाही. तुम्हाला ज्या प्रत्येक घरी जाऊन बसायचं होतं, ते प्रत्येक घर आपल्याकडे येऊन बसत होतं. आणि येतच राहणार होतं, तेराव्यापर्यंत.

अशा बैठकीत काय बोलायचं ते ठरलेलं असतं. कसं झालं, कधी झालं, माणूस मोठा होता. मी म्हटलं, "त्यांचं एक काम राहिलंय. ऐकता का?"

कोपऱ्यावरचे भाऊसाहेब, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, राग नका मानू. पानी आल्यावर नळ बंद ठेवा म्हणता, म्हणजे गाडी लागल्यावर चढू नका म्हणता."

"चढायचंच आहे, भाऊसाहेब. फक्त डबल बेल वाजेपर्यंत थांबा म्हणते."

सुतकाच्या घरात कुणी हसत नाही. पण दोन-तीन पदर तोंडाला गेले.

"मी थांबीन," भाऊसाहेब म्हणाले, "पण समोरचा थांबीन काय? मी तोटी धरून बसीन अन् तो हौद भरून मोकळा होईन."

समोरचे समोरच बसले होते. म्हणाले, "वा रे वा. मी काऊन भरीन? तुमीच पहिले भरान."

यावर मी जे सुचवलं ते माझं होतं, तुमचं नव्हे. वर्गात मागची बाकं कशी सांभाळायची, ते मी आयुष्यभर केलं होतं. म्हटलं, कुणी कुणावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक घराचा एकेक माणूस दारात येऊन उभा राहील, म्हणजे सगळ्यांना सगळे दिसतील. आणि आपण जेवढा वेळ थांबू तेवढा वेळ सुभाष व्हॉल्व्ह पुढे चालू ठेवील, साहेबांना मी सांगते. तेव्हा प्रमिलावहिनी बोलल्या. "माह्या नातीचे डोये पाह्यले न सगळ्यायनं? मग कायले वाद करून राह्यले?"

भाऊसाहेबांनी समोरच्यांकडे पाहून मान हलवली आणि दोघंही उठले.

बसायला आलेल्या माणसाला आपल्याकडे निरोप देत नाहीत. तोही येतो म्हणत नाही. उठतो आणि जातो. पण मी त्या दिवशी दाराशी उभी राहिले. तुमची पोतडी मी सकाळीच उघडली होती. तीत तोट्या होत्या. गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी एक. जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी एक तोटी ठेवली, आणि जे पुढच्या दिवसांत आले त्यांच्याही. अनघा म्हणाली, आई, लोक काय म्हणतील? लोक काही म्हणाले नाहीत. घरी जाऊन पान्हे शोधू लागले.

आणि ती सकाळ आली. सुभाषने चौकातला व्हॉल्व्ह फिरवला. आधी नेहमीप्रमाणे पाइपातून हवा शिट्टी घालत गेली, मग पाणी पोचलं, आणि मग काहीच नाही. अहो, आपल्या गल्लीत नळ आलेला असताना इतकी शांतता मी लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती. ना बादल्यांचा आवाज, ना मोटरी, ना "पानी आलं व" अशी हाक. प्रत्येक दारात एक माणूस. भाऊसाहेब समोरच्यांवर नजर ठेवून, समोरचे भाऊसाहेबांवर. प्रमिलावहिनींनी नातीला कडेवर घेतलं होतं. सुतकामुळे मी फाटकाच्या आतच उभी होते.

सायलीच्या लॅपटॉपवर सगळी गल्ली हिरवी झाली. एक ठिपका सोडून. ती कानाला हेडफोन लावून, काठीला लावलेली चकती रस्त्यावर टेकवत चालत आली. चौकापासून भाऊसाहेबांच्या घरापर्यंत, तिथून वहिनींच्या दारापर्यंत, परत मागे. मग आपल्या फाटकाशी थांबली. चकती उचलली, पुन्हा टेकवली. तिने हेडफोन काढून फाटकावरून माझ्या कानांना लावले.

दूध उतू जाण्याआधी पातेलं जसं बोलतं, तसा बारीक आवाज. न थांबणारा.

मी मान वर केली तर समोर तुमची लिंबोणी.

सुभाषने दुपारी तिथे खोदलं. पाइपाचा सांधा गेलेला, शेजारी नाली, आणि मुळं थेट सांध्यात शिरलेली. आधी सांधा गेला आणि मग मुळं आली, की आधी मुळं, हे सायलीलाही सांगता येईना. तुम्ही असता तर हा वाद आपल्याला वर्षभर पुरला असता. पण एक वाद मात्र मिटला. तपेलंभर पाण्यावर नव्हे, तुमची लिंबोणी इतकी वर्षं नगरपरिषदेच्या पाण्यावर पोसली गेली. तुम्ही शोधत होता ती गळती रोज संध्याकाळी तुमच्या पायाखाली होती आणि तिच्यावर तुम्ही वरून पाणी घालत होता. हे तुम्हाला सांगताना तुमचा चेहरा कसा झाला असता, ते मला पाहायचं होतं. तेवढं एक राहिलं. मी जिंकले होते आणि सांगायला कुणी नव्हतं.

सांधा बदलला. त्यानंतरच्या पाळ्यांना पहिल्या पाण्याला वास आलेला नाही. वहिनी पहिलं पाणी वाटीत घेऊन आधी हुंगतात, मग नातीला देतात. पुन्हा काही होणारच नाही असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणाला नसता. पण बऱ्याच नळांच्या तोट्या अजून जागेवर आहेत. सायलीच्या कंपनीने आता यंत्रात थोडा बदल करायला घेतला आहे, तोटी नसलेल्या गावांत चालावं म्हणून. म्हणजे माझाही मुद्दा थोडा सरकला. आपलं दोघांचंही बरोबर होतं, असं मी मुलांसाठी इथे लिहून ठेवते. तुम्ही ते मान्य केलं नसतं.

लिंबोणीने मुळं तुटल्यावर बरीच पानं टाकली. आता तिला खरोखरच वरून घातलेल्या पाण्यावर जगायचं आहे. तपेलं मी घालते. एक तपेलं वहिनी घालतात, म्हणतात, "भाऊजीचं झाड हाय, वाळू नाई द्याचं." मागच्या आठवड्यात शेंड्याला तांबूस कोंब दिसले.

आणि काल दोन मुली आल्या, नागपूरच्या. पाण्यात जंतू मारायचं औषध किती आहे ते मोजणारं काहीतरी बनवलंय म्हणाल्या. सर आहेत का, विचारलं. मी तुमचं सांगितलं. वाईट वाटलं म्हणाल्या, आणि आलोच आहोत तर निदान दाखवून जाऊ, म्हणून एकीने पेटीची कडी काढली.

मी म्हटलं, पेटी बंद करा. आधी एक पाळी राहा.

मग त्यांना हौद दाखवला, बादली दाखवली, आणि तांदूळ धुतलेलं पाणी कुठे ओतायचं ते सांगितलं.